हातोडा आणि हायफन

बल्लारपूरला रेल्वेनं जायचं तर तिकीट बल्हारशाहचं काढावं लागतं. गावची माणसं ही दोन्ही नावं बाजूला सारून बल्लारशा म्हणतात. रेल्वेच्या यंत्राला या तिन्हींपैकी एकही पटत नाही, त्याच्या लेखी हे गाव बीपीक्यू. बी आणि पी समजू शकतो. क्यू कुठून उगवला हे खांडक्या बल्लाळशहालाही सांगता आलं नसतं, आणि गाव तर त्याच्याच नावाचं. लहानपणी मला वाटायचं, क्यू म्हणजे तिकिटाच्या खिडकीपुढची रांग. तेवढी रांग तेव्हा असायचीही.

माणसानं म्हणायचं नाव वेगळं आणि यंत्रानं ओळखायचं वेगळं, हा प्रकार पुढे माझ्या पोटापाण्याचा होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या अलीकडे दीड खोलीत माझं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, व्हिजिटिंग कार्ड, आणि कोणी आग्रहच धरला तर वेबसाइट.

वेबपानाला दोन वाचक असतात. एक माणूस. तो चित्रं बघतो, भाव बघतो आणि फोन नंबर शोधतो. दुसरं यंत्र. त्याला चित्राशी घेणंदेणं नसतं, ते पानाच्या मागची संहिता वाचतं. त्या संहितेच्या डोक्याशी काही ओळी अशा असतात की त्या पडद्यावर कधीच उमटत नाहीत. पान कोणाचं, कशाबद्दल, कोणत्या भाषेत, असला मजकूर तिथे असतो. याला मेटाडेटा म्हणतात. मराठीत कोणी ‘माहितीबद्दलची माहिती’ म्हणतं, आणि ते ऐकून गिऱ्हाईक पहिल्यापेक्षा जास्त गोंधळतं.

एकाच गिऱ्हाइकाला ही गोष्ट झटक्यात कळली. घुग्गुस रोडला त्यांचा सिमेंट-गिट्टीचा धंदा. पान तयार झालं, त्यांनी पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, “भाऊ, वाघ टाका ना.”

“कुठे? गिट्टीच्या फोटोवर?”

“समोर नाही हो. मागं. दिसत नाही तिथं.”

वाघाशी त्यांचा संबंध एवढाच की ताडोबाचा रस्ता त्यांच्या मेहुण्याच्या शेतावरून जातो. पण चंद्रपुरात वाघ हा प्राणी कमी आणि विशेषण जास्त आहे. त्याच्या नावानं इथे लॉजही चालतात आणि पंक्चरची दुकानंही. तेव्हा लपवलेल्या जागेत ‘ताडोबा, वाघ, टायगर, सफारी, जिप्सी’ असं कोंबलं की सफारी शोधणारा मुंबईकर वाट चुकून गिट्टीपाशी येईल आणि आलाच आहे तर दोन ट्रक नेईल, असा त्यांचा हिशेब होता.

हा हिशेब त्यांच्या एकट्याचा नव्हता, सगळ्या जगाचा होता. गेल्या शतकाच्या शेवटी शोधयंत्रं भाबडी होती. पानाच्या डोक्यात कीवर्ड्स नावाची ओळ असायची. ‘तुझ्यात काय आहे ते तूच सांग’ असं यंत्र विचारायचं आणि पान सांगेल ते खरं मानायचं. लग्नाच्या बायोडेटात मुलाला ‘निर्व्यसनी’ लिहून द्यावं आणि मुलीकडच्यांनी ते तसंच रजिस्टरात चढवावं, असला कारभार. जे कोणाला दिसत नाही तिथे माणूस किती मोकळेपणानं खोटं लिहितो याचा एवढा मोठा प्रयोग क्वचितच झाला असेल. शेवटी सप्टेंबर २००९ मध्ये गूगलनं जाहीरच सांगून टाकलं की पानांचा क्रम लावताना आम्ही ती ओळ बघतच नाही. हे मी गिट्टीवाल्या काकांना समजावलं. ते म्हणाले, “नाही बघत तर मग टाकायला काय हरकत आहे?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पानाच्या पोटात आजही वाघ आहे.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. ते महत्त्वाचं बोलण्याआधी चष्मा काढतात, कारण मग समोरचा दिसत नाही.

“हातोडा कोणाकडे असतो तुमच्यात?”

बाबांची सगळी नोकरी बल्लारशाच्या लाकूड डेपोत झाली. आलापल्लीकडच्या जंगलातलं सागवान तिथे येतं, थप्प्या लागतात आणि लिलाव होतात. बाहेरचा माणूस ओंडक्याकडे पाहतो तेव्हा त्याला लाकूड दिसतं. बाबांना ओंडक्याचं तोंड दिसायचं. कापलेल्या गोल तोंडावर नंबर, लांबी, गोलाई आणि खात्याच्या हातोड्याचा ठसा. लाकूड कितीही देखणं असो, तोंड कोरं असेल तर ते चोरीचं. हा हातोडा म्हणजे ठोकायचं हत्यार नव्हे, तो शिक्का आहे. पोलादी, डोक्यावर उलटी अक्षरं कोरलेला, नोंदलेला आणि कुलपात राहणारा. तो हरवला तर माणसाची झोप जाते, कारण तो ज्याच्या हाती लागेल तो कुठल्याही ओंडक्याला कागदोपत्री जन्म देऊ शकतो.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, तोडायचा असतो तेव्हा उभ्या झाडाला आधी खूण करतात. साल तासून दोन ठिकाणी हातोडा मारतात. एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी, जमिनीलगत. मी विचारलं होतं, दोनदा कशाला? तर झाड पडतं, ओंडके होऊन निघून जातं, वरचा ठसा त्याच्याबरोबर जातो. खालचा खुंटावर राहतो. वर्षानं एखादा साहेब तपासणीला आला तर खुंट त्याला सांगू शकतो की मला रीतसर मारलं आहे. आम्ही संगणकवाले याला बॅकअप म्हणतो आणि त्याचे पैसे घेतो.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारशाहून सागवान निघालं. पूजा झाली, शोभायात्रा निघाली, चंद्रपूरचे रस्ते माणसांनी भरले. लोक लाकडाला हात लावून कपाळाला लावत होते. बाबाही टाचा उंचावून गर्दीत उभे होते. मला वाटलं, दर्शन घेताहेत. जवळ गेलो तर पुटपुटत होते, “नंबर दिसत नाही रे, फुलं टाकलीत त्याच्यावर.”

तर हातोडा कोणाकडे? मी म्हटलं, “सगळ्यांकडे.” बाबांनी चष्मा परत लावला आणि पेपर उघडला. आमच्या धंद्याबद्दलचं त्यांचं मत त्या दिवशी कायम झालं असावं.

बिचाऱ्या यंत्रवाल्यांनी नंतर बरीच शिस्त आणली. जून २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहू ही एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी मंडळी एकत्र बसली आणि त्यांनी स्कीमा डॉट ऑर्ग नावाची एक सामाईक शब्दसूची काढली. पानावर पाककृती असेल तर तिला पाककृती म्हणा, हॉटेल असेल तर हॉटेल, आणि कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते आम्ही ठरवून देतो. सूची मोठी आहे. तिच्यात ज्वालामुखीला स्वतंत्र नाव आहे. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण ज्वालामुखीची वेबसाइट बनवून द्या म्हणून अजून कोणी आलेलं नाही. बांबूच्या बेटाला मात्र नाव नाही. तेंदूपत्त्याच्या फळीला नाही. उन्हाळ्यात अर्धा गडचिरोली जिल्हा पहाटे उठून जंगलात जातो, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतो आणि संध्याकाळी फळीवर मोजून देतो. या सगळ्या उलाढालीला कोणत्या रकान्यात बसवायचं, ते त्या तिघांपैकी एकालाही विचारायचं सुचलं नाही. सुचावं तरी का? त्यांच्याकडे तेंदूचं झाड नाही.

अशा वेळी कामाला येते ती हायफनची जागा. एचटीएमएलची पाचवी आवृत्ती ऑक्टोबर २०१४ मध्ये पक्की झाली, तिच्यात एक समजूतदार सोय आहे. संहितेतल्या कुठल्याही वस्तूला तुम्ही आपल्या मनचा गुणधर्म चिकटवू शकता. अट एकच, नावाच्या आधी इंग्रजी अक्षरांत ‘डेटा’ लिहायचं आणि एक आडवी रेघ द्यायची, म्हणजे हायफन. त्यापुढे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही. ब्राउझर ते वाचतो, जपून ठेवतो आणि गप्प बसतो. पडद्यावर काही दाखवत नाही, चूक काढत नाही, अर्थही विचारत नाही. नियमात असंही म्हटलं आहे की ही त्या पानाची खासगी जागा आहे, बाहेरच्या यंत्रांनी तिच्यावर विसंबू नये. स्कीमावाली नोंद म्हणजे दर्शनी भिंतीवरची पाटी. ही नोंद म्हणजे घरातल्या फडताळातली वही.

आणि त्या वहीत मराठीही चालतं. हायफननंतरच्या नावात इंग्रजी कॅपिटल अक्षरं चालत नाहीत, पण देवनागरी चालते. हे मला कळलं त्या दिवशी मी दुकान बंद करून पुन्हा उघडलं. एवढी वर्षं मी इंग्रजीत ‘प्रॉडक्ट’ आणि ‘क्वांटिटी’ लिहीत होतो. आता ‘डेटा-झाड’, ‘डेटा-गोलाई’ असं लिहून पाहिलं. संगणक नेहमीसारखाच चालू राहिला. माझ्याशिवाय कोणालाच काही वाटलं नाही.

भाषेचं निघालंच आहे तर तिचीही एक लपलेली नोंद असते. पान कोणत्या भाषेत आहे ते दोन अक्षरांत सांगायचं. मराठीची अक्षरं एम आणि आर, म्हणजे इंग्रजीत सरळ ‘मिस्टर’. निदान आदर तरी आहे. हे दोन अक्षरी संकेत मी एकदा रिकाम्या दुपारी वाचत बसलो आणि मला भलताच शोध लागला. टी-ओ म्हणजे टोंगा बेटांची भाषा, टी-आय म्हणजे आफ्रिकेतली तिग्रिन्या, आणि टी-ई म्हणजे तेलुगू. तो, ती, ते! मराठीची तिन्ही लिंगं परक्यांनी पळवलेली. ‘मी’ माओरींकडे गेला आहे. त्यातल्या त्यात ‘ते’ जवळच आहे, सिरोंच्याहून नदी ओलांडली की पलीकडे.

थट्टा सोडा, ती दोन अक्षरं न लिहिण्याची किंमत डोळ्यांना दिसते. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. हिंदीत दोन्हींची वळणं वेगळी, पण संगणकाच्या कोठारात त्यांचे आकडे एकच. काही चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि पानाच्या डोक्यात भाषा मराठी आहे असं लिहिलं तरच मराठी वळण बाहेर येतं. नाही लिहिलं तर ‘ललित’ या शब्दातले दोन्ही ल हिंदीत निघतात आणि वाचणाऱ्याला नुसतं वाटत राहतं की काहीतरी खटकतंय.

आमच्या जिल्ह्यांच्या भाषांनाही संकेत आहेत, फक्त तीन अक्षरी. अहेरीकडच्या गोंडीचा वेगळा संकेत आहे, ई-एस-जी. आमच्या अहेरीचं नाव त्या आंतरराष्ट्रीय यादीत पाहून मला जो आनंद झाला तो मुंबईच्या शेअरवाल्यांना कळणार नाही, कारण त्यांच्याकडे ही तीन अक्षरं कंपन्यांच्या पर्यावरणप्रेमाचे गुण मोजायला लागतात. माडिया त्या यादीत ‘मारिया’ म्हणून आहे आणि पुढे कंसात भारत. पापुआ न्यू गिनीतही एक मारिया भाषा आहे, तिच्याशी गल्लत होऊ नये म्हणून. भामरागडच्या माणसाला आपली भाषा पापुआ न्यू गिनीपासून वेगळी ठेवावी लागते, हे त्याला कोणी कळवलं असेल असं वाटत नाही. तिचा संकेत एम-आर-आर. मराठीपेक्षा एक आर जास्तच.

हे सगळं पाल्हाळ एका पानासाठी. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका ग्रामसभेचा शिकलेला पोरगा माझ्याकडे आला. गावाचं नाव मी सांगणार नाही. गाव स्वतःचा बांबू स्वतः विकतं, त्याची माहिती एका पानावर हवी होती.

बांबू ही वस्तू मेटाडेटाच्या दृष्टीनं अभ्यासण्यासारखी आहे. शास्त्राप्रमाणे ते गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं ‘झाड’ या शब्दाची व्याख्या केली तेव्हा त्यात ताड-माड, बांबू, झुडपं, वेत आणि चक्क खुंटसुद्धा घातले. खुंट हे झाड! बाबांचा हातोडा बुडाशी का बसायचा ते तेव्हा मला नव्यानं उमगलं. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याच बांबूला गौण वनोपज म्हटलं. म्हणजे एकाच काठीवर तीन चिठ्ठ्या, आणि कोणती खरी ते नाक्यावरच्या माणसावर अवलंबून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, तोडायलाही हरकत नव्हती. पण वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, तो वनखात्याकडे. टीपी नसलेला बांबू रस्त्यावर आला की चोरीचा. हक्क खरा पण तोंड कोरं! हा पेच सुटायला २७ एप्रिल २०११ उजाडावी लागली. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. बाबांच्या भाषेत, हातोडा गावाकडे आला. बांबूला झाडांच्या व्याख्येतून काढायला मात्र नोव्हेंबर २०१७ चा वटहुकूम लागला. गवताला गवत व्हायला नव्वद वर्षं.

या पोराच्या गावाकडेही आता स्वतःचं पुस्तक होतं. मी पान केलं. लांबी, बंडलं, फोटो, लिलावाची तारीख. मग दाखवायला गावात गेलो. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरा कपडा लावून पान मोठं करून दाखवलं. सगळे खूश. एक आजा कोपऱ्यात बसले होते. त्यांनी हात वर केला नाही, नुसते बोलायला लागले आणि बाकीचे गप्प झाले.

“तोडले किती ते लिवलं. ठेवले किती ते कुठी हाये?”

मला कळेना. पोरानं समजावलं. बेटातले सगळे बांबू तोडायचे नसतात. यंदाचे कोवळे सोडायचे, आधाराला काही जुने सोडायचे. तोडणारा प्रत्येक बेटात किती ठेवले ते लक्षात ठेवतो.

“पण आजा, घेणाऱ्याला त्याचं काय?” मी म्हटलं.

“घेनाऱ्याले काहीच नाही. आमालेच लागते, पुढच्या वर्सी.”

मग मी त्यांना हायफनची गोष्ट सांगितली. म्हटलं, एक जागा अशी आहे की तिथे लिहिलेलं कोणाला दिसत नाही, पण पानाबरोबर राहतं. आपण ठेवलेल्यांचा आकडा तिथे लिहू. तुमचा पोरगा एक छोटा प्रोग्राम लिहील, तो पुढच्या वर्षी ते वाचेल.

“दिसत नाही मनता, मंग लिवता कायले?” एक बाई म्हणाल्या.

आजाच त्यांच्याकडे वळले. “बाई, जमिनीखालचा कंद दिसते का?”

तेव्हा त्याच रात्री, त्या भिंतीसमोर बसून, प्रत्येक बेटाला आम्ही ‘डेटा-ठेवले’ असा गुणधर्म दिला. आजा आठवून आकडा सांगायचे, दोघं-तिघं त्यावर वाद घालायचे, ठरला की पोरगा लिहायचा. नाल्याकडचं बेट, मोहाखालचं बेट, जुन्या वाटेचं बेट. बेटांची गोंडी नावंही त्यानं शेजारी घातली. मला वाचता आली नाहीत, संगणकालाही आली नसतील, पण त्यानं तक्रार केली नाही. मला सारखं वाटत होतं की बाबांना आणायला हवं होतं. खुंटावरचा ठसा जे गेलं त्याची साक्ष देतो. हा आकडा जे उभं आहे त्याची देत होता. बाबांनी चष्मा काढला असता.

एक बेट राहिलं, सगळ्यात लांबचं, डोंगरालगतचं. पोरानं त्याचं नाव लिहिलं आणि वर पाहिलं. “इथं आकडा सांगा, आजा.”

आजा थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “तिथी गेलोच नाही यंदा. पुरंच ठेवलं.”

“का?”

“वाघीन बसली हाये. पिल्लायसंग.”

माझ्यातला धंदेवाईक जागा झाला, खोटं कशाला बोलू. वाघ! खराखुरा! घुग्गुस रोडच्या काकांनी ज्याच्यासाठी जीव टाकला असता तो इथे आयता होता, पिल्लांसकट. मी की-बोर्डाकडे हात नेला. म्हटलं, “कारण म्हणून लिहू या का? लपवलेल्या जागेतच. कोणाला दिसणार नाही.”

आजांनी माझ्याकडे पाहिलं. हा शहरातला माणूस समजूतदार आहे असं त्यांचं मघापासून मत झालं होतं, ते ते मागे घेत असावेत.

“यंत्र वाचते मनला न तू?”

“हो.”

“मंग कुठीच नोको लिवू.”

पोरानं त्या बेटाची ओळच पुसली. पुढे लिलाव झाला, बांबू गेला. मागे एकदा सहज ते पान उघडून मी त्याची संहिता वाचली. नाल्याकडचं बेट आहे, मोहाखालचं आहे, जुन्या वाटेचं आहे. त्यानंतर लगेच कंस बंद होतो.